रशियन बुटांचं इंग्रजी: एका कॅटलॉगचे ३२ दिवस

२३ डिसेंबर २०२४ ला, सोमवारी, मेलवर एक झिप फाइल आली. आत रशियातल्या एका बूट कारखान्याचा ३१ मॉडेलांचा कॅटलॉग, सहा मॉडेलांची तांत्रिक वर्णनं, एक अनुरूपता घोषणापत्र (माल नियमांप्रमाणे आहे असं सांगणारा कागद) आणि पॅकिंगचा तक्ता. पुण्याजवळच्या एका व्यापारी कंपनीला हे सगळं इंग्रजीत हवं होतं, कारण त्यांचा खरेदी विभाग, माल तपासणारे आणि कस्टम्सचा एजंट, तिघांचंही काम इंग्रजीत चालतं. ११,४०० शब्द, शब्दाला साडेतीन रुपये, मुदत १३ जानेवारी. काम प्रत्यक्षात संपलं २४ जानेवारीला. रशियन येतं पण बुटांचा धंदा माहीत नाही, अशांच्या हाती असं काम आलं तर अकरा दिवसांचा हा उशीर त्यांना टाळता यावा, म्हणून लिहून ठेवते आहे. रशियन शब्द इथे त्यांच्या लिखाणाप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. बोलताना त्यातल्या बऱ्याच 'ओ'चा 'आ' होतो.

पहिली चूक दर सांगताना झाली. फाइल नीट न उघडता शब्द मोजले. कॅटलॉगच्या १४ पानांवर बुटांची चित्रं होती, त्यांवर बाण आणि बाणांपुढे बारीक अक्षरात भागांची नावं. ती अक्षरं चित्रातच असल्यामुळे मोजणीत आलीच नाहीत, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला. शिवाय तक्त्यांमध्ये संक्षेप खच्चून भरलेले. 'टीईपी' हा एकच शब्द मोजला जातो, पण तो म्हणजे तेर्मोएलास्तोप्लास्त, रबरासारखं लवचिक प्लास्टिक, इंग्रजी व्यापारात टीपीआर, हे शोधायला अर्धा तास जातो. 'एमबीएस' म्हणजे तेल आणि पेट्रोलला टिकणारा सोल, 'केश्चेएस' म्हणजे आम्ल आणि अल्कलीला टिकणारा. चित्रांचे आणि संक्षेपांचे पैसे वेगळे लावावेत.

सुरुवात बुटांच्या प्रकारांपासून केली. या कामी सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे गोस्त २३२५१-८३, पादत्राणांच्या संज्ञा आणि व्याख्यांचं मानक. शब्दकोश प्रतिशब्द देतो; हे मानक बूट पायावर कुठपर्यंत येतो ते सांगतं, आणि भाषांतराला तेच लागतं. सापोगी पोटरी झाकतात. पोलुसापोगी पोटरीच्या मध्यापर्यंत थांबतात. बोतिंकी घोटा झाकतात. पोलुबोतिंकी घोट्याच्या खाली राहतात. 'पोलु' म्हणजे अर्धा, म्हणून पोलुबोतिंकीचं 'हाफ बूट' करायचा मोह प्रत्येकाला होतो. तसं केलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोटरीपर्यंत येणारा बूट उभा राहतो, आणि माल येतो तो साधा ऑफिसात घालायचा शू. हाफ बूट हा शब्द पोलुसापोगीसाठी राखून ठेवावा आणि पोलुबोतिंकीला लो शू किंवा नुसतं शू म्हणावं. तूफली आणखी उघडे असतात, पावलाचा वरचा भाग पूर्ण झाकत नाहीत. बायकांच्या तूफलीत 'लोदोच्की' येतात. शब्दशः छोट्या होड्या, ब्रिटिश इंग्रजीत कोर्ट शूज आणि अमेरिकन इंग्रजीत पंप्स. गिऱ्हाइकाला ब्रिटिश हवं की अमेरिकन, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्यावं. मी पाचव्या दिवशी विचारलं आणि केद्यी (कॅनव्हासचे बूट), क्रोसोव्की (खेळाचे बूट), रेझिनोव्ये सापोगी (रबरी गमबूट) या सगळ्यांच्या नोंदी परत फिरवाव्या लागल्या.

'मोदेलनाया ओबूव' हाही असाच फसवा शब्द. तो मॉडेल बूट नाही, तर नीटनेटका, समारंभाला घालायचा ड्रेस शू. 'आर्तिकूल' म्हणजे आर्टिकल क्रमांक किंवा स्टाइल नंबर. 'फासोन' म्हणजे बऱ्याचदा फर्म्याचा, म्हणजे ज्या साच्यावर बूट बांधतात त्याचा, नमुना क्रमांक असतो, फॅशनशी त्याचा संबंध नाही.

दोन दिवस शब्दकोशांवर काढल्यावर लक्षात आलं, की बुटाचा आतला भाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही. २५ तारखेला बुधवार होता, म्हणजे पुण्यात जुन्या बाजाराचा दिवस. तिथून शिवलेल्या सोलचा एक जुना चामडी बूट ३०० रुपयांना मिळाला. चौकातल्या चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी २०० रुपये घेऊन तो माझ्यासमोर उलगडला. रापीने आधी टाचेखालची झिजलेली रबरी पट्टी निघाली: नाबोयका, टॉप पीस. मग टाच, काब्लूक. मग सोल, पोदोश्वा. सोल सुटल्यावर बुटाच्या कडेने फिरलेली चामड्याची अरुंद पट्टी दिसली, तिच्यातून टाके गेलेले: रांत, म्हणजे वेल्ट. आत पोकळीत बुचाचा भुगा दाबून भरलेला: प्रोस्तील्का, बॉटम फिलर. त्यात रुतलेली लोखंडी पट्टी, बोटभर रुंद, मधोमध किंचित वाकलेली: गेलेनोक, शँक. त्यावर कडक चामड्याचा तळ, ज्याला वरचा सगळा बूट ओढून बसवलेला: ओस्नोवनाया स्तेल्का, इनसोल. आणि त्याच्याही वर, पायाला लागणारं पातळ मऊ अस्तर: व्क्लादनाया स्तेल्का, इनसॉक. काकांनी विचारलं, "हे कशाला फाडताय?" नावं हवी आहेत म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक थर वेगळा काढून ओळीने मांडून ठेवला. त्या ओळीचा फोटो महिनाभर स्क्रीनच्या बाजूला होता.

स्तेल्का आणि सुपिनातोर या दोन शब्दांचा घोळ त्या फोटोमुळेच सुटला. रोजच्या रशियनमध्ये स्तेल्का म्हणजे बुटातून काढता-घालता येणारी गादी. तांत्रिक वर्णनात मात्र नुसतं स्तेल्का लिहिलं असेल तर बहुधा तो कडक तळ असतो, ज्यावर बूट उभा राहतो. सुपिनातोर दुकानात म्हणजे पावलाच्या कमानीला आधार देणारा उंचवटा, आर्च सपोर्ट. कारखान्याच्या कागदात तोच शब्द लोखंडी पट्टीसाठी येतो. ओळखायची खूण साहित्याच्या रकान्यात मिळते. पुढे 'स्ताल', म्हणजे पोलाद, लिहिलं असेल तर शँक. फोम किंवा लेटेक्स असेल तर आर्च सपोर्ट.

वरच्या भागात पहिला अडथळा 'सोयुझका'. सोयूझ म्हणजे संघ, युनियन. मशीन भाषांतराने एका ठिकाणी चक्क 'लेदर युनियन' काढून दाखवलं. सोयुझका म्हणजे व्हॅम्प, पावलाचा पुढचा आणि वरचा भाग झाकणारा तुकडा. मागचे दोन बाजूचे तुकडे म्हणजे बेर्त्सी, क्वार्टर्स. पण हेच बेर्त्सी बोलीभाषेत अख्ख्या लष्करी बुटाचं नाव आहे. त्याचं पूर्ण नाव 'उंच बेर्त्सी असलेले बोतिंकी', ते झिजत झिजत एका शब्दावर आलं. म्हणून कॅटलॉगच्या मथळ्यात बेर्त्सी दिसलं तर कॉम्बॅट बूट, आणि तुकड्यांच्या यादीत दिसलं तर क्वार्टर्स. आमच्या फाइलमध्ये एकाच पानावर दोन्ही होते.

या दोन तुकड्यांचं एकमेकांशी नातं काय, यावरून इंग्रजी नाव ठरतं. रशियन वर्णनात 'नास्त्रोच्नीये बेर्त्सी' असेल, म्हणजे क्वार्टर्स व्हॅम्पच्या वर शिवलेले असतील, तर तो डर्बी. 'नास्त्रोच्नाया सोयुझका' असेल, म्हणजे व्हॅम्प क्वार्टर्सच्या वर, तर ऑक्सफर्ड. रशियन कागदात डर्बी आणि ऑक्सफर्ड हे शब्द एकदाही नव्हते. इंग्रजीत ते घातल्याबरोबर खरेदी विभागाच्या चार शंका आपोआप मिटल्या. जीभ म्हणजे याझिचोक हे सरळ आहे. पण 'ग्लुखोय क्लापान', शब्दशः बहिरी झडप, म्हणजे दोन्ही कडांनी शिवून बंद केलेली जीभ, बेलोज टंग. पाणी आणि माती आत जाऊ नये म्हणून ती लावतात. नाडीची भोकं ज्या पट्टीवर पाडतात ती नादब्लोचनिक, आयस्टे. 'म्याग्की कांत' म्हणजे घोट्याभोवतीची भरीव कड, पॅडेड कॉलर.

२८ तारखेपर्यंत २३ शंका जमल्या होत्या. शेवटच्या दोन-चार सुटतात का बघू म्हणत यादी थांबवली आणि ३० डिसेंबरला पाठवली. त्या वर्षी रशियात २९ डिसेंबरपासून ८ जानेवारीपर्यंत सुट्ट्या होत्या. २८ चा शनिवार तिथे कामाचा दिवस होता, आणि तोच हुकला. उत्तर आलं १३ जानेवारीला, म्हणजे नेमकं मुदतीच्या दिवशी. रोज मेल उघडून बघायचं, काही नाही, परत तेच पान वाचायचं, असे ते दिवस गेले. गिऱ्हाइकाला २ जानेवारीलाच सुट्ट्यांचं कारण कळवून मुदत २४ पर्यंत वाढवून घेतली, ते मात्र वेळेवर केलं. रशियन काम घेताना जानेवारीचा पहिला आठवडा, २३ फेब्रुवारी, ८ मार्च आणि मे महिन्याची सुरुवात कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावी. शंका विचारण्याची रीतही महत्त्वाची. "या शब्दाचा अर्थ काय?" असं विचारलं की कारखान्यातला माणूस तोच शब्द दुसऱ्या शब्दांत सांगतो. मी पानाचा तुकडा कापून त्यावर लाल बाण काढला आणि विचारलं, "हा भाग की तो भाग?" त्या प्रश्नांची उत्तरं एका शब्दात आली.

वाट बघण्याच्या दिवसांत चामड्याचे शब्द उरकले. यूफ्त हा त्यातला सगळ्यात नाजूक. जुन्या इंग्रजीत तो 'रशिया लेदर' म्हणून प्रसिद्ध आहे. बर्च झाडाच्या तेलाने मुरवलेलं, खास वासाचं, पुस्तकांच्या बांधणीला वापरलेलं चामडं. कॅटलॉगमधलं यूफ्त ते नव्हे. हे कामगारांच्या बुटाचं जाड, भरपूर चरबी मुरवलेलं, पाणी सहज आत न घेणारं चामडं. रशिया लेदर लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाने वेगळीच वस्तू मागवली असती. मी 'यूफ्त' ठेवून पहिल्या उल्लेखाला 'हेवी ग्रीज्ड अपर लेदर' असं वर्णन जोडलं. 'ख्रोमोव्ये सापोगी' हे क्रोमियमचे बूट नसून क्रोम टॅनिंग केलेल्या मऊ चामड्याचे उंच बूट. 'वेल्यूर' म्हणजे स्वेड. इंग्रजीत व्हेलूर हे कापड आहे, त्यामुळे तसंच उतरवलं तर चामड्याचा बूट कापडी होतो. 'स्पीलोक' म्हणजे स्प्लिट लेदर, जाड चामडं चिरून काढलेला खालचा थर. 'मेरेया' चामड्याच्या वरच्या बाजूची नैसर्गिक नक्षी, ग्रेन पॅटर्न. 'बाख्तारमा' आतली, मांसाकडची बाजू, फ्लेश साइड. चामड्याचं क्षेत्रफळ रशियन कागदात चौरस डेसिमीटरमध्ये असतं आणि इंग्रजी व्यापारात चौरस फुटात: १ चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस डेसिमीटर. मी मूळ आकडा ठेवून शेजारी दुसरा दिला, बदलून टाकला नाही.

किर्झाच्या बुटांवर एक अख्खा दिवस गेला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही. किर्झा म्हणजे अनेक थरांच्या सुती कापडावर लेप देऊन केलेलं नकली चामडं. पारंपरिक लष्करी बुटात पोटरीची नळी, गोलेनिश्चे, किर्झाची असते आणि पावलाचा भाग यूफ्तचा. अशा बुटाला 'लेदर बूट्स' म्हटलं की वाक्य छान दिसतं, पण कस्टम्समध्ये वरचा भाग कशाचा हे ठरतं ते बाहेरून सर्वात जास्त क्षेत्रफळ कोणत्या साहित्याचं आहे त्यावरून. उंच नळीच्या बुटात ते क्षेत्रफळ सहसा नळीचं. म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणातलं चामड्याच्या वरच्या भागाचं ६४०३ हे शीर्षक लागेलच असं नाही. भाषांतरकाराने शीर्षक ठरवायचं नसतं, पण भागागणिक साहित्य वेगळं लिहायचं असतं: नळी किर्झाची, व्हॅम्प यूफ्तचा.

कस्टम्सच्या याच धड्यात भाषांतरकाराला फुकट मिळणारा खजिना आहे. हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत, तिचा ६४ वा अध्याय पादत्राणांचा, आणि युरेशियन आर्थिक संघाची रशियन सूची तेच चार आणि सहा अंकी क्रमांक वापरते. रशियन आणि इंग्रजी मजकूर शेजारी उघडून ठेवले की 'कोम्पोझित्सिओन्नाया कोझा'ला काँपोझिशन लेदर म्हणतात, 'झाक्रिवायुश्चाया लोदिझ्कू'ला कव्हरिंग द अँकल म्हणतात, हे अधिकृत शब्दांतच मिळतं. इंग्रजी संज्ञांसाठी आयएसओ १९९५२ ही पादत्राणांची शब्दावलीही हाताशी असावी.

उत्तरं आल्यावर तांत्रिक वर्णनं घेतली. इथे इंग्रजी धंद्याची स्वतःची बोली आहे आणि शब्दकोश तिथवर पोचत नाही. 'रास्क्रोय', चामडं कापणं, म्हणजे क्लिकिंग. तुकडे शिवून वरचा भाग तयार करणं म्हणजे क्लोजिंग. 'स्पुस्कानिये क्रायोव', शब्दशः कडा उतरवणं, म्हणजे स्कायव्हिंग, आपल्याकडे रापीने कड पातळ करतात तेच. 'झात्याझका', फर्म्यावर ओढून बसवणं, म्हणजे लास्टिंग. फर्मा म्हणजे कोलोदका, लास्ट. कोलोदका गाडीच्या ब्रेकचीही असते, त्यामुळे मशीनने दोन ठिकाणी ब्रेक पॅड केलं होतं. 'वझ्येरोशिवानिये', केस विस्कटणं, म्हणजे गोंद धरावा म्हणून चामड्याची कड खरवडणं, रफिंग. 'लित्येवोय मेतोद' म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. शब्दशः कास्टिंग म्हटलं की धातू डोळ्यांपुढे येतो. 'दोप्पेल्नी' आणि 'सांदाल्नी' या सोल जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, पण दोन्हींत वरच्या भागाची कड बाहेर वळवून शिवतात आणि इंग्रजीत दोन्हींना स्टिचडाउनच म्हणतात. एकाच कागदात दोन्ही आल्या, म्हणून तिथे स्टिचडाउननंतर रशियन नाव लिप्यंतराने ठेवलं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटलं असतं की दोन मॉडेलं एकाच पद्धतीची आहेत.

मापांना हात लावू नये. रशियन मेट्रिक माप म्हणजे पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि आयएसओ ९४०७ चं माँडोपॉइंटही पावलाचीच लांबी सांगतं, म्हणून २७० चं २७० राहतं. पण 'श्तिखमास' माप स्तेल्काच्या लांबीवर चालतं, एक अंक म्हणजे ६.६७ मिमी, आणि स्तेल्का पावलापेक्षा लांब असते. एका मापावरून दुसरं गणिताने काढलं की एखादा नंबर सरकतो. तक्ता कारखान्याकडून मागवावा. 'पोल्नोता' म्हणजे विड्थ फिटिंग. 'पुच्की', शब्दशः जुड्या, म्हणजे चवडा, आणि 'पुच्कीतली रुंदी' म्हणजे बॉल विड्थ.

पहिला पूर्ण मसुदा १७ जानेवारीला गेला आणि २० तारखेला तो गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने परत केला. सेफ्टी शूजच्या सहाही मॉडेलांवर लाल खूण. मी लिहिलं होतं 'काँपोझिट टो पफ, २०० ज्यूल'. साध्या बुटात पोदनोसोक म्हणजे टो पफच: बोटांपुढचा आकार टिकावा म्हणून आत घातलेला पातळ कडक तुकडा, हाताने दाबला तर दबणारा. सेफ्टी शूमध्ये मात्र पोदनोसोक म्हणजे बोटं वाचवणारी पोलादी किंवा काँपोझिट वाटी, टोकॅप. आणि साध्या बुटाच्या यादीत टो कॅप हा शब्द मी आधीच 'नोसोक'साठी, म्हणजे बाहेरून शिवलेल्या तुकड्यासाठी, वापरला होता. वाईट वाटलं, कारण ही चूक नुसती शब्दाची नाही. टो पफ वाचून कोणी तो बूट जड काम करणाऱ्या माणसाला दिला नसता, किंवा उलट, दुसऱ्या कुठल्या कागदात टो पफवाल्या बुटाला कोणी सुरक्षित समजलं असतं. त्या रात्री शब्दसूचीला एक नवा रकाना जोडला: बुटाचा वर्ग. आता प्रत्येक भागाची नोंद वर्गागणिक वेगळी आहे. हा रकाना पहिल्या दिवशी असता तर बेर्त्सी, स्तेल्का, पोदनोसोक, तिन्ही तिथेच सुटले असते.

त्याच मॉडेलांवर 'मून २००' अशी खूण होती. रशियन संरक्षण वर्गीकरणात तिचा अर्थ बोटांच्या भागावर २०० ज्यूलच्या आघातापासून संरक्षण. मून १०० म्हणजे १०० ज्यूल. आयएसओ २०३४५ आणि आपलं आयएस १५२९८ भाग २ या सेफ्टी शूजच्या दोन्ही मानकांतही २०० ज्यूल आहेत, म्हणून तपासनिसाने सुचवलं की सरळ 'एस३' हा त्यांतला वर्ग लिहा. ते लिहिलं नाही. एस३ मध्ये पाणी, भोसकणं, टाच, सोल या सगळ्यांच्या अटी येतात आणि मूळ कागद फक्त आघाताबद्दल बोलतो. मूळ खूण लिप्यंतराने आणि पुढे तिचा अर्थ शब्दांत, इतकंच. त्यांनाही ते पटलं.

घोषणापत्राचं भाषांतर २२ तारखेला नोटरीकडे नेलं. तेआर तेएस ०१९/२०११ हा संरक्षक साधनांचा आणि ०१७/२०११ हा हलक्या उद्योगाच्या मालाचा तांत्रिक नियम. क्रमांक जसेच्या तसे ठेवून नाव भाषांतरित केलं. शिक्क्यांवरचा मजकूरही लागतो, आणि न वाचता येणाऱ्या शिक्क्याच्या जागी 'शिक्का, अस्पष्ट' असं लिहावं लागतं. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, ५०० चा स्टॅम्प पेपर आणि नोटरी मिळून ९५० रुपये झाले. मूळ कागदाची प्रत सोबत नव्हती म्हणून पहिल्या फेरीत परत यावं लागलं. मूळ, भाषांतर आणि स्वतःचं ओळखपत्र, तिन्ही एकत्र न्यावं.

पॅकिंगचा तक्ता शेवटी ठेवला होता, सोपा वाटला म्हणून. 'रोस्तोव्का' म्हणजे एका खोक्यात कोणत्या मापाचे किती जोड, साइझ रन. आणि 'मास्सा पोलुपारी ८५० ग्रॅम'. पोलुपारा म्हणजे अर्धा जोड, एक बूट. घाईत 'जोडाचं वजन' असं लिहून झालं होतं, ते शेवटच्या वाचनात दिसलं. १० जोडांच्या खोक्यात निव्वळ बुटांचेच १७ किलो भरतात, माझ्या तक्त्यात साडेआठ होते. एअर फ्रेटचा हिशेब त्याच रकान्यावरून होणार होता. २४ तारखेला दुपारी तो आकडा दुरुस्त करून फाइल पाठवली. बिल ३९,९०० चं, १० टक्के टीडीएस वजा होऊन ३५,९१० रुपये मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले.